आमच्या गोठ्यामागची हातभट्टी

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. तरीही एका वर्षी नवरात्रापासून चैत्रापर्यंत वरवंड ते केडगाव या सगळ्या पट्ट्यात आमच्या हातभट्टीचं नाव होतं. (माल चांगला असतो, असंही लोक म्हणायचे. चाखलेला एकही माणूस नव्हता, पण म्हणायचे!)

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आईबाबांचं लग्न कसं ठरलं?" मी सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात तुमच्या आईने फोन काढून घेतला आणि इथल्या हवेची चौकशी सुरू केली. म्हणून आता लिहून पाठवते. लिहिलेलं कुणाला मध्येच काढून घेता येत नाही.

तेव्हा आपल्याकडे दहा-बारा संकरित गाई होत्या. मी पुण्यात इंग्रजी घेऊन शिकले, आणि लग्न होऊन आले ती या मळ्यात. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. तुमच्या आजोबांनी गाई केल्या. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि उरलेल्या वेळात गोठ्याला शिस्त लावायची. गोठ्याच्या भिंतीवर मी सुवाच्य अक्षरात वेळापत्रक लावलं होतं: धार, शेण, चारा, पाणी, विश्रांती. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी ते वेळापत्रक बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "का गं सूनबाई, गाईंस्नी वाचता येतंय व्हय?"

"माणसांसाठी आहे ते, आत्याबाई."

"माणसं गाईकडं बघून काम करत्यात. भितीकडं न्हाई."

पण वेळापत्रकाशिवाय मला चैन पडत नसे. आणि गोठा म्हणजे वेळापत्रकाचा शत्रू! पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि धारेला बसलं की शेणाने भरलेल्या ओल्या शेपटीचा फटका थेट चष्म्यावर. (गाईंचा नेम फार चांगला असतो. माझ्या वर्गातल्या खडू फेकणाऱ्या पोरांचाही इतका नव्हता.) हिवाळा मात्र सुखाचा. सकाळी कासेला हात लावला की गार हाताने गाय दचकायची आणि गाय दचकली म्हणून मी. पण दूध भरपूर, आणि कारखाने चालू असल्यामुळे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पोटभर. होळी झाली, कारखान्यांचे भोंगे थांबले, की वाढे बंद! मग उरायचा वाळका कडबा. त्याच्याकडे आमच्या गाई अशा बघायच्या, जसं जावयाने शिळ्या भाकरीकडे बघावं. दूध आटायचं, आजोबांचा चेहरा उतरायचा, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

त्या वर्षी मी एका शेतीप्रदर्शनातून इंग्रजी पुस्तिका आणली. त्यात उपाय होता: मूरघास. पावसाळ्यात मका उदंड असतो, तेव्हा तो हिरवा कापायचा, त्याची बारीक तुकड्यांची कुट्टी करायची, खड्ड्यात थरावर थर रचून तुडवायची, वरून गूळ-मिठाचं पाणी शिंपडायचं, प्लॅस्टिकने झाकून माती लोटायची आणि हवा अजिबात आत जाऊ द्यायची नाही. आतल्या आत ते मुरतं आणि उन्हाळ्यात उघडलं की तयार चारा. थोडक्यात, गाईंचं लोणचं!

मी जेवताना सगळं मोठ्याने वाचून, भाषांतर करून दाखवलं. आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"खड्डा करून पुरायचं?"

"हो."

"बाई, बाई, बाई! आमी जल्मभर मेंढरं राखली. माणसं पुरलेली बघितली. चारा पुरलेला न्हाई बघितला!"

आजोबांना मात्र पटलं. त्यांची एकच अट होती. "करू. पर गावात बोलायचं न्हाई. आधी करून दाखवू, मग सांगू."

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी माझ्याच सांगण्यावरून त्यांनी माश्यांसाठी गोठ्याला जाळी लावली होती. माश्या सगळ्या आत राहिल्या आणि राणी नावाच्या आमच्या थोरल्या गाईने जाळी खाल्ली. गाव वर्षभर हसत होतं.

म्हणून गुपित! खड्डा घेतला तो गोठ्याच्या मागे. कुणाला दिसू नये म्हणून भोवती जुन्या साड्या बांधल्या. (गोठ्यामागे साड्यांचा आडोसा बांधला, की तो पाहायला लोक मैलभर वाकडे येतात, हे पुस्तिकेत नव्हतं.) मग गूळ आणायला मी स्वतः गुऱ्हाळावर गेले. सोबत होते शब्बीरभाई. ट्रॅक्टर त्यांचा, कुट्टीचं यंत्र त्यांचं, आणि गुपित सांभाळायची शपथ घेतलेले बाहेरचे एकटेच.

"काळा गूळ द्या," मी गुऱ्हाळवाल्याला म्हणाले. पुस्तिकेत हलका गूळ चालेल असं होतं, मग चांगला कशाला नासायचा?

"काळा? बाई, खायाला पिवळा देतो की चांगला."

"खायला नको आहे."

"मग?"

"आंबवायला." विचारलं की खरं उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची सवय!

गुऱ्हाळवाल्याने माझ्याकडे बघितलं, शब्बीरभाईंकडे बघितलं, पुन्हा माझ्या चष्म्याकडे बघितलं. "किती दिस ठेवणार?"

"जितकं मुरेल तितकं चांगलं."

"ते बी खरंच," तो गंभीरपणे म्हणाला आणि ढेपा स्वतः उचलून ट्रॉलीत ठेवल्या. वर हळूच म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या मान्सानं या धंद्यात यावं, म्हंजी काळच बदलला म्हणायचा."

मला ते कौतुक वाटलं! शेतीत शिकलेली माणसं यायलाच हवीत, असं मी त्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं. परत येताना फाट्यावरून गुळाचं पाणी कालवायला एक मोठा निळा ड्रम घेतला. शब्बीरभाई वाटेत नुसते घसा खाकरत होते. शेवटी म्हणाले, "बाई, एक बोलू? काळा गूळ आन् ड्रम एकाच ट्रॉलीत नको व्हते."

"का? जागा आहे की भरपूर!"

"जागेचं न्हाई वो..." म्हणाले आणि ट्रॅक्टरचा वेग वाढवला.

आता तुम्हाला सांगायला हवं की आपल्या भागात काळा गूळ आणि ड्रम घेऊन कुणी घरी निघालं, तर तो पुरणपोळ्या करणार आहे असं कुणीही समजत नाही. हे आजोबांना माहीत होतं, आत्याबाईंना माहीत होतं, फाट्यावरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असावं. मला नव्हतं. आणि सगळ्यांना वाटत होतं, की बाईंना माहीत असणारच!

खड्डा भरला, शब्बीरभाईंनी ट्रॅक्टर फिरवून दाबला, प्लॅस्टिक अंथरलं, माती लोटली. आत्याबाईंनी वर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "बाबा मक्या, आमची चूक न्हाई. सुनंनं केलंय."

त्यानंतर गावात माझा मान एकदम वाढला. शाळेत कधी न येणारे पालक रस्त्यात थांबून नमस्कार करू लागले. फाट्यावर हॉटेल चालवणारे सोपानतात्या माझ्या चहात जास्त साखर घालू लागले. शेजारचे म्हातारे गेणूआप्पा तर रोज संध्याकाळी गोठ्याजवळ घुटमळायचे. एकदा धीर करून म्हणाले, "बाई, ते मागलं... झालं का तयार?"

मला वाटलं, जुना शेतकरी आहे, ओळखलं यांनी! म्हणाले, "आप्पा, कुणाला बोलू नका. चैत्रात उघडणार आहे. तुम्हाला पाटीभर देते की!"

"पाटीभर?" आप्पा थक्क झाले. "न्हाई, न्हाई. आपल्याला वाटीभर बास. गुडघं दुखत्यात, म्हणून."

गुडघ्यांना मूरघास लावतात की काय, याचा मी पुस्तिकेत बराच शोध घेतला.

आणि अशात मनीषाला, म्हणजे तुमच्या आईला, कवठे येमाईचं स्थळ आलं.

मुलगा इंजिनिअर. मनीषाने आधीची स्थळं नाक मुरडून परत पाठवली होती. एकाचं हसणं आवडलं नाही, एकाला गाईची भीती वाटत होती. या खेपेला मात्र तिने नाक मुरडलं नाही. फक्त गोठा दोनदा झाडला. मग आत्याबाईंकडून कळलं, की एका नात्यातल्या लग्नात हा मुलगा आणि ही पंगतीत शेजारी शेजारी वाढत होती. तो भाताचं पातेलं घेऊन आणि ही वरणाचं. भात संपला तरी तो तिच्या पुढेच चालत होता म्हणे!

मनीषा मला इतकंच म्हणाली, "आई, हे एक नीट होऊ दे. काही प्रयोग करू नकोस हं."

अडचण होती ती मुलाच्या आजोबांची. कवठ्याचे आबा म्हणजे तुमचे पणजोबा. गळ्यात माळ, अंगात सहा फूट उंची, आणि दारूचा असा तिरस्कार, की गावातला गुत्ता त्यांनी दारात बसून बंद पाडला होता. त्यांचा शब्द घरात शेवटचा. त्यांची अट मध्यस्थाने आधीच कळवली होती: मुलगी कशीही चालेल, देणंघेणं नको, पण घराला दारूचा वास नको. मागच्या एका स्थळाच्या घरी रिकाम्या बाटलीत मनीप्लांट लावलेला दिसला, तर आबा चहा न घेता उठले होते!

"आपल्याकडं तसलं कायबी न्हाई," आजोबा छाती काढून म्हणाले. "येऊ द्या खुशाल."

कार्यक्रम ठरला रविवारी संध्याकाळी चारला. त्याच आठवड्यात कडबा संपत आला. गाई रोडावल्या होत्या, आणि शब्बीरभाईंना खड्डा उकरायला सवड होती ती रविवारी सकाळीच. मी कागद घेऊन बसले. सकाळी खड्डा उघडायचा, गाईंना चारा, मग सफाई, अंघोळी, दुपारी पोहे, चारला पाहुणे. इतकं चोख वेळापत्रक मी आयुष्यात केलं नव्हतं. मनीषाने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी आजोबांनी आणि शब्बीरभाईंनी माती ओढली. प्लॅस्टिकची एक कड उचलली, आणि बाळांनो, काय सांगू तो वास! आंबट, गोड, उग्र. पुस्तिकेत लिहिलं होतं, की चांगल्या मूरघासाला आल्हाददायक, किंचित आंबूस गंध येतो. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. प्रयोग यशस्वी! तोवर वारा सुटला आणि तो आल्हाददायक गंध घेऊन हमरस्त्याकडे निघाला.

आजोबा मांडीपर्यंत मूरघासात उतरून पाट्या भरत होते. पहिली उग्र वाफ सरळ डोळ्यांत गेली होती, त्यामुळे डोळे लालभडक. वाकून वाकून कंबर धरलेली, एका पायाला मुंग्या. आणि नेमकी त्या क्षणी अंगणात जीप थांबली!

आबा सकाळीच आले होते. त्यांची जुनी रीत होती म्हणे: घर बघायचं तर धारेच्या वेळेला बघावं, गोठा खोटं बोलत नाही. मोठी सुंदर रीत! पण त्यांनी ती आधी कुणाला सांगितली नव्हती. आणि येताना त्यांनी फाट्यावर सोपानतात्यांना आमचं घर विचारलं होतं. तात्यांनी फार विनयाने हात दाखवला होता, "बाईंचा मळा व्हय? सरळ जावा. पुढं वासावर कळंलच."

जीपमधून आबा उतरले, मुलाची आई उतरली, मुलगा उतरला. तिघांनीही एकदम श्वास आत घेतला. मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. आबांनी नाही लावला. त्यांनी खोल वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला आणि डोळे उघडले, तेव्हा समोर तुमचे आजोबा झुलत उभे होते.

"या, या, या!" आजोबा म्हणाले. लाल डोळे, मुंग्या आलेला पाय, एक पाऊल इकडे, एक तिकडे, आणि अंगाला तो वास! नमस्कार करायला वाकले ते सरळ आबांच्या अंगावरच गेले. आबांनी त्यांना दोन्ही दंड धरून उभं केलं.

"सकाळी सकाळीच?" आबांनी विचारलं.

"व्हय की," आजोबा निरागसपणे म्हणाले. "उन्हं वर आली का मग नको वाटतंय. म्हणलं, सकाळीच उरकावं."

मी मध्ये धावले. केसांत मका, हातात विळा. "आबा, गैरसमज नको! आत काही नाही, फक्त आंबवलेला..." आणि तिथे माझी जीभ थबकली. कारण बांधावरून सायकल ढकलत चौकीतले हवालदार येत होते!

ते काही वाईट माणूस नव्हते. तक्रार आली म्हणून आले होते, आणि पाहुणे बघून संकोचले होते. पण खड्ड्याजवळ गेले, काठीने प्लॅस्टिक उचललं, आणि एकदम मागे सरकले.

"बाई, ह्ये काय हाय?"

"चारा आहे."

"काय काय घातलंय?"

"मका, गूळ आणि मीठ."

"गूळ कसला?"

"काळा," मी म्हणाले. ती सवय!

"मुरवलाय किती?"

"नवरात्रापासून."

"म्हंजी जुना माल हाय!" हवालदारांच्या आवाजात नको तितका आदर आला.

"तसं नाही हो. याला शास्त्र आहे. हवा बंद केली, की गुळातल्या साखरेचं किण्वन होतं..."

"बाई, तुमी बोलू नका," शब्बीरभाई कळवळून म्हणाले. "तुमी बोलला का आणखी वाढतंय."

एवढ्यात कुंपणापलीकडून गेणूआप्पांचा आवाज आला, "बाई, उघडलं व्हय? थांबा, वाटी घिऊन आलोच!"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मनीषा घाईघाईने हिरवी साडी नेसून दारात उभी होती. रडत नव्हती. नुसती त्या मुलाकडे बघत होती, आणि तो जीपकडे वळणाऱ्या आबांकडे.

"आबा!" मी ओरडले. "चारा आहे की नाही, ते गाईच सांगेल! गाय दारू पीत नाही ना? मग गाईने खाल्लं तर मानाल?"

आबा थांबले. "गाय खोटं बोलत न्हाई," म्हणाले. "घाला."

आम्ही वाजतगाजत पाटी राणीपुढे नेली. राणी! दावं खाणारी, जाळी खाणारी, एकदा मी तपासायला आणलेली सहामाहीची उत्तरपत्रिका खाल्लेली राणी! तिने पाटीत तोंड घातलं, हुंगलं, जोरात शिंकली आणि पाठ फिरवून कोरड्या कडब्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा!

"गाय बी न्हाई म्हणतीया," हवालदार हळहळून म्हणाले.

आता पुढचं मी का केलं, ते मला विचारू नका. मी पाटीतली मूठभर कुट्टी उचलली, सगळ्यांना दाखवली, आणि तोंडात टाकली.

चव? आंबट. खारट. मक्याच्या ताटाचे तुकडे दातांत कराकर वाजतात. मी चावत राहिले. सगळं अंगण माना उंचावून माझ्या तोंडाकडे बघत होतं. गिळायला फार वेळ लागला. गाईला त्यासाठी पोटात चार कप्पे दिले आहेत. ते उगाच नाहीत. शेवटी कसंबसं गिळलं आणि विजयाने म्हणाले, "बघा! चारा आहे!"

हवालदार डोकं खाजवत म्हणाले, "बाई, गाय खाईना आन् तुमी खाल्लं. दारू बी माणसंच पित्यात, गाई न्हाई पीत. माझा तर संशय वाढला!"

आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आन् खाल्लं ते खाल्लं, निदान धुऊन तरी खायाचं गं!"

तेव्हा मनीषा दारातून निघाली. हिरव्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला, कुणाकडे न बघता सरळ गोठ्यात आली आणि मला म्हणाली, "आई, सरक. नवा चारा असा एकदम घालतात का?" पाटीतलं मूरघास तिने थोडं पसरवलं, वास उडू दिला, त्यात मूठभर पेंड आणि थोडा कडबा कालवला, आणि राणीच्या पुढ्यात बसून आपल्या हाताने एकेक घास पुढे केला. "खा गं बये. नवीन हाय. म्या बी नवीन घरी जाणार हाय, मलाबी तिथलं खावं लागंल."

मुलाच्या आईच्या तोंडावरचा पदर जरा खाली आला.

राणीने एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग मनीषाचा हात बाजूला ढकलून थोबाड पाटीत घातलं ते पाटी उलटी करूनच काढलं! आणि तो आवाज ऐकून ओळीतल्या सगळ्या गाई हंबरायला लागल्या, दावी ताणायला लागल्या. "पाट्या आणा!" मनीषा ओरडली. आजोबा लंगडत धावले, शब्बीरभाई धावले. आणि तो मुलगा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला इंजिनिअर, थेट खड्ड्यात उतरला आणि पाट्या भरून द्यायला लागला. तुमचे बाबा, बाळांनो! मनीषा पुढे आणि तो पाटी घेऊन मागे.

आबा दावणीपाशी उभे राहून बघत होते. मग त्यांनी खड्ड्यातून एक चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"चढत न्हाई," आबांनी निकाल दिला. हवालदारांनी सायकल उचलली. (जाताना हळूच विचारून गेले, की शेळीला चालेल का.) आबा पुढे म्हणाले, "चैत्रात असला ओला चारा मी जल्मात बघितला न्हाई. कसं केलं म्हणला?"

आणि मी, तोंडात मक्याचं एक कुसळ अडकलेलं असताना, पुन्हा किण्वनापासून सुरुवात केली. या वेळी कुणी थांबवलं नाही. पोहे व्हायला दुपार झाली, तोवर आबांनी खड्ड्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून घेतली होती. मुलगा-मुलगी गोठ्यात किती वेळ एकत्र होती, हे मात्र कुणी मोजलं नाही. निघताना आबा आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी पसंत. गोठा पसंत. आमच्या राजूला विचारायची गरज न्हाई, त्याचा शर्ट बघा."

शर्टाचं काय झालं होतं ते सांगत नाही. तो पुन्हा पांढरा झाला नाही, एवढं सांगते.

त्या उन्हाळ्यात आपल्या गाई आटल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात आपल्या वस्तीवर तीन खड्डे खोदले गेले, आणि गुऱ्हाळवाला काळ्या गुळाला "बाईंचा गूळ" म्हणू लागला. गेणूआप्पा तेवढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी शब्दाप्रमाणे त्यांना पाटीभर मूरघास नेऊन दिलं होतं.

वैशाखात कवठ्याला आबांच्या दारात लग्न लागलं. विहिणींची पंगत बसली. माझ्यासमोर रांगोळी, चांदीचं ताट, सगळा मान. मी पुण्याच्या पद्धतीने मान ताठ ठेवून, पदर सावरून बसले होते. तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकाकडून आबांचा आवाज घुमला, "वाढप्यांनो, आधी विहीणबाईंच्या ताटात वाढा रं! उशीर झाला तर दावणीकडं जातील!"

सगळा मांडव हसला. मीही हसले, काय करणार! पुरणपोळीचा घास तोंडात घातला आणि वर बघितलं, तर समोरच्या पंगतीतल्या सगळ्या बायका जेवायच्या थांबल्या होत्या. मी रवंथ कशी करते, ते बघायला!